आठ पाकळ्यांचं कमळ

७ नोव्हेंबर

ही वही थर्मोडायनॅमिक्सच्या प्रॅक्टिकलची. उजवीकडे रेघा, डावीकडे आकृत्यांसाठी कोरं पान. लिहिलेली अकरा पानं अम्माने चूल पेटवायला फाडून नेली. नेताना म्हणाली, "तिसऱ्या वर्षापर्यंत अकराच?" लॅबच्या सरांची कॉलर धरली त्याच दिवशी माझं इंजिनिअरिंग संपलं, हे तिला अजून पटायचंय. ३१ जानेवारीपर्यंत फॉर्म भरला तर परत घेतील म्हणे.

पण वही काढली ती चांगल्या बातमीसाठी. सरिगा टीचरनी मला ठेवून घेतलं.

सरकारने यंदा पंचायतीपंचायतीत एकेका वर्षासाठी कलावंत नेमलेत. पलीकडच्या पंचायतीला चित्रकार मिळाला, आम्हाला कथकळी, आणि तीही बाई. सकाळी शाळेत मुलांना शिकवायचं, संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये गावातल्या बायकांना. जूनपासून त्यांच्याबरोबर कथकळीचा ढोल वाजवणारा एक चेंडावाला होता, चांगला तयार माणूस. मागच्या महिन्यात टीचरनी त्याला अचानक नको म्हटलं. का, ते कुणाला माहीत नाही. आज त्यांनी मला आणि रतीशला वाजवून दाखवायला बोलावलं. रतीश म्हणजे कुट्टन आशानांचा पुतण्या. आशान आम्हा दोघांचेही चेंड्याचे गुरू, आणि खरं लिहायचं तर रतीश माझ्यापेक्षा सरस आहे. त्याची नजर टीचरच्या बोटांवरून हलत नव्हती. माझी त्यांच्या डोळ्यांवरून हलत नव्हती. मी चारदा चुकलो. तरी त्यांनी मला निवडलं.

आशान बाहेर पायरीवर पान लावत बसले होते. "तुला? रतीश सोडून तुला?"

"टीचरना विचारा."

"कथकळीत चेंडा हाताला वाजवतात, बिनीष. नट हाताने बोलतो, आवाज तू द्यायचा. तू तिच्या तोंडाला वाजवत होतास." त्यांनी पिंक टाकली. "तोंडाकडे बघतो तो नवरदेव. वादक नव्हे."

टीचरना तेच आवडलं असेल तर?

१४ नोव्हेंबर

वर्गात चौतीस मुलं. आठवडाभर कमळ चाललंय. दोन्ही मनगटं जोडायची, बोटांची कळी करायची, मग एकेक बोट उघडत जायचं. मी प्रत्येक बोटाला एक हलका ठोका देतो. टीचर करतात तेव्हा त्यांचे डोळेही फुलासारखे उघडतात. मी लिहितोय ते मलाच वाचवत नाही, पण उघडतात.

आज दोन गोष्टी झाल्या. वर्ग संपल्यावर हजेरीचं रजिस्टर त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. "तू भरत जा. तुझं अक्षर छान आहे." आधीच्या महिन्यांचं पाहिलं, त्यांचं स्वतःचं अक्षर वाईट नाही, ऑक्टोबरात जरा वेडंवाकडं झालंय एवढंच. म्हणजे काहीतरी निमित्त हवं होतं.

दुसरी गोष्ट, डब्याचं झाकण. "बिनीष, हे उघडून दे ना." झाकण सैलच होतं. मी उघडून दिलं, तर म्हणाल्या, "बस, तूही खा." इडली आणि चमंदी, नारळाची चटणी. त्यांनी डाव्या हाताने खाल्ली. मी विचारलं तर हसल्या. "उजवा मुलांना दिलाय."

२१ नोव्हेंबर

वाचनालयातल्या बायकांचं आणि माझं जमत नाही. दिवसभर रोजगार हमीवर माती ओढून येतात आणि इथे येऊन नुसत्या हसतात. त्यात कार्त्यायनीअम्मा म्हणजे कहर. साठीच्या, चटया विणतात, तोंडाला लगाम नाही. आज कमळ करता करता थांबल्या आणि म्हणाल्या, "टीचर, तुमच्या कमळाच्या दोन पाकळ्या झोपल्यात का हो?"

सगळ्या खिदळल्या. टीचरही हसल्या, मग पाणी प्यायला बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

मी कार्त्यायनीअम्मांना म्हटलं, "प्रत्येक घराण्याची शैली असते. चटई नाही ती."

"असेल बाबा. आमच्या चटईत दोन काड्या अशा राहिल्या तर गिऱ्हाईक तोंडावर फेकतं."

शैलीच आहे ती. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं अर्धी मिटलेली ठेवतात, जणू फूल सगळं सांगून टाकत नाही. मुलांनीही ती अगदी बरोबर उचललीय.

४ डिसेंबर, बुधवार

आज पुन्हा दुपारी अडीचच्या बसने ओट्टप्पालमला गेल्या. तिसरा बुधवार. वाचनालयाचा वर्ग मला सांभाळायला सांगितला. "कुठे जाता?" तर म्हणे, "काम आहे." काम सांगताना माणूस समोर बघतो. त्या बसच्या खिडकीकडे बघत होत्या.

आज चहाचा ग्लासही फोडला. हातातून सुटला. मी तुकडे गोळा करत होतो तर म्हणाल्या, "तू फार चांगला मुलगा आहेस." मुलगा म्हणाल्या. मी बावीसचा आहे, त्या एकोणतीसच्या. सात वर्षं म्हणजे काय मोठं.

झोप लागली नाही.

११ डिसेंबर, बुधवार

जायला नको होतं. पण गेलो.

त्या बसच्या पुढच्या दाराने चढल्या, मी मागच्या. बसस्टँडजवळ कापडाच्या दुकानावर एक माळा आहे. जिन्याशी आठ-दहा पाट्या: वकील, दातांचा डॉक्टर, विमा, कसली तरी थेरपी, टायपिंगचा क्लास. त्या वर गेल्या. मी समोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहिलो. वरच्या खोलीची खिडकी उघडी होती.

आत एक माणूस. चाळिशीचा, गोरा, इस्त्रीचा शर्ट. त्याने टीचरचा उजवा हात हातात घेतला आणि एकेक बोट ओढत, दाबत राहिला. टीचर डोळे मिटून बसल्या होत्या. मी घड्याळ लावून पाहिलं, वीस मिनिटं. शेवटी त्याने काहीतरी सांगितलं आणि त्यांनी ओढणी डोळ्यांना लावली. प्रेमात भांडण झालं असणार. त्याने पाठीवर थोपटलं.

चहावाला म्हणाला, "अरे, चहा गार झाला."

मी ग्लास त्याच्या फळीवर आपटला. फुटला नाही, एवढंच.

१२ डिसेंबर

लिहून टाकलं. याच वहीचं पान. "खात्याच्या अधिकाऱ्यांस: कथकळी टीचर दर बुधवारी कामाच्या वेळेत वर्ग सोडून एका परपुरुषाला भेटायला जातात. गावात चर्चा आहे. एक हितचिंतक." गावात काहीही चर्चा नाही. पंचायतीच्या टपालपेटीत टाकलं आणि आठ किलोमीटर सायकल मारली, कुठे तेही कळलं नाही.

त्यांना फक्त भीती वाटायला हवी. बुधवार बंद व्हायला हवा. बाकी मला काही नको.

१६ डिसेंबर

सकाळी टीचरनी मुलांना गुडघ्यांना लेप लावायला सांगितला, उड्यांनी दुखतात म्हणून. बोलता बोलता म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही हेच गाव मिळालं तर बरं. ही मुलं अर्धवट सोडवत नाहीत." जानेवारीत समिती येऊन वर्ग बघते. ती बरं म्हणाली तर दुसरं वर्ष, नाहीतर मार्चला सामान बांधायचं.

टपालपेटी पाहून आलो. रिकामी.

२ जानेवारी

पत्र आलं. म्हणजे गेलं, फिरलं आणि परत आलं. हेडमिस्ट्रेस वर्गातच घेऊन आल्या. बाई चांगल्या आहेत, पण आवाज फार मोठा. "कुणी नतद्रष्टाने लिहिलंय, सरिगा. तरी उत्तर द्यावं लागेल. समिती अठ्ठावीसला येतेय."

टीचरनी कागद हातात घेतला. वाचायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ बघत राहिल्या. उलटवून कोरी बाजू पाहिली. कडेवरून बोट फिरवलं, जिथून फाडलं होतं तिथून. मग घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"खरं आहे का गं?" हेडमिस्ट्रेसनी हळू विचारलं. म्हणजे त्यांच्या मानाने हळू.

"बुधवारी जाते हे खरं आहे."

"कशाला?"

टीचरनी पर्सची चेन लावली. चौतीस मुलं त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं माझ्या छातीचे ठोके चेंड्यातून ऐकू येतील.

"उत्तर लेखी देईन," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, नेहमीच्याच आवाजात. "बिनीष, रजिस्टर भर."

भरलं. त्या मागे उभं राहून बघत होत्या. इतक्या शांत कशा राहू शकल्या, मला समजत नाही. त्या माणसासाठी नाव खराब करून घेतील, पण त्याचं नाव सांगणार नाहीत. इतकं प्रेम.

९ जानेवारी

आज आशान शाळेत आले. मीच बोलावलं होतं. समितीसमोर वाजवायचं, ठोके कच्चे आहेत, कान द्या म्हणून. ते मागच्या बाकावर बसले. मुलांनी कमळ केलं.

मधेच ते उठले आणि ओळींमधून चालायला लागले. एकेका मुलाच्या उजव्या हाताशी वाकून बघत. शेवटच्या ओळीपर्यंत गेले. मग मला खिडकीशी ओढलं.

"चौतीस पोरं आणि एकच चूक. पोरं चुकतात तेव्हा चौतीस तऱ्हांनी चुकतात रे. सगळी एकसारखी चुकली तर ती त्यांची चूक नसते."

"शैली आहे ती."

"कुणाची? मी चाळीस वर्षं हातांना वाजवतोय. असली शैली नाही." माझ्या मानेला धरून त्यांनी डोकं फिरवलं, लहानपणी फिरवायचे तसं. "एकदा तरी हाताकडे बघ, गाढवा."

टीचर पुन्हा कमळ दाखवत होत्या. मी डोळे सोडले आणि हात पाहिला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

डावी पाच उघडली. उजवा अंगठा, तर्जनी, मधलं. मग अनामिका थरथरली. करंगळी हललीच नाही. टीचर ती मिटून ठेवत नव्हत्या. उघडायचा प्रयत्न करत होत्या. मनगटाची शीर ताठ झाली होती आणि चेहऱ्यावर फूल होतं.

रजिस्टर. डबा. चहाचा ग्लास. डाव्या हाताने खाल्लेली इडली. पाट्यांमधली थेरपी.

पुढचा ठोका माझ्याकडून पडलाच नाही. टीचरनी वर पाहिलं. मी कुठे बघतोय ते पाहिलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच रिकामा झाला.

१० जानेवारी

शाळेच्या मागे फणसाखाली टीचर आणि मी बसलो होतो. मी सगळं पाठ करून गेलो होतो. पण त्याच आधी बोलल्या.

कोपराजवळ नस दबलीय. ऑगस्टपासून दोन बोटं बधिर. डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया, मग सहा महिने नाच बंद, आणि त्यानंतरही बोटं परत येतीलच असं नाही. बुधवारचा माणूस बोटं जागी ठेवायचा व्यायाम करून घेतो. कथकळीत बाईला आधीच कुणी सहज उभं करत नाही. त्यात आठ बोटांची बाई.

"ते पत्र," मी म्हटलं.

"हं."

"मी लिहिलं."

"माहीत आहे." त्यांनी पर्समधून घडी काढली. "दोन महिने रजिस्टरात तुझंच अक्षर बघतेय. आणि हितचिंतकाला प्रॅक्टिकलच्या वहीचं पान कुठून मिळणार? गावात इंजिनिअरिंग सोडलेला एकच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मला काढून का नाही टाकलंत?"

"काढलं असतं तर दुसरा आणावा लागला असता. दुसऱ्याने हात पाहिला असता." फणसाच्या पानांकडे बघत होत्या. "आधीच्याने पाहिला, म्हणून त्याला नको म्हटलं. रतीश पहिल्या दिवशी पाच मिनिटांत ओळखणार होता. तू एकटा असा होतास की तोंडावरून नजर काढत नव्हतास. म्हणून तुला ठेवला, बिनीष. वाजवतोस म्हणून नाही."

यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं.

"बाकीचं जे काही तुझ्या मनात आहे," त्या उठताना म्हणाल्या, "ते मी वाचलेलं नाही असं समज."

१३ जानेवारी

तीन दिवस गेलो नाही. अम्माने फॉर्म आणून उशाशी ठेवला. आज आशान दारात. आत न येताच म्हणाले, "पोरांचे हात कोण सुधारणार? ती दाखवू शकत नाही. मी दाखवले तर हसतील."

"मी नाचणारा नाही."

"बोटं दहा आहेत ना?"

१५ जानेवारी, बुधवार

टीचरनी मुलांसमोर माझे हात धरले. मनगटं जोडली, कळी केली आणि माझं एकेक बोट स्वतः उघडलं. अनामिका. करंगळी. इतके दिवस मी या क्षणाची काय काय चित्रं काढली होती. त्या माणसाने त्यांची बोटं धरली होती तशीच त्यांनी माझी धरली, कामाची वस्तू धरावी तशी. त्यांच्या दोन बोटांना काहीच जाणवत नव्हतं, ते मला जाणवलं.

"हे बघा," त्या मुलांना म्हणाल्या. "आधीचं चुकीचं होतं. मी चुकीचं शिकवलं. आता असं."

अनघा, पहिल्या ओळीतली, तिने हात वर केला. "पण टीचर, तुमचं तर तसंच छान दिसतं."

टीचर फळा पुसायला वळल्या. डाव्या हाताने.

अडीचची बस चुकली त्यांची. मी सायकलवरच ओट्टप्पालमच्या स्टँडला सोडलं.

२७ जानेवारी

उद्या समिती. अंगात बारीक ताप आहे. मुलांची बोटं निम्मीच सुधारलीत, निम्म्यांची अजून आपोआप मिटतात. टीचर समितीला आजाराचं सांगणार की नाही, मला माहीत नाही. सांगितलं तर दुसरं वर्ष गेलं. नाही सांगितलं आणि कुणी हात पाहिला तर अब्रू गेली. बुधवारचं लेखी उत्तरही अजून दिलेलं नाही. हे माझ्यामुळे आहे हे दर दहा मिनिटांनी आठवतं.

कार्त्यायनीअम्मा सायंकाळी चटई घेऊन आल्या, टीचरना उद्या उभं राहायला. बारीक वीण. मला म्हणाल्या, "तू कशाला पांढरा पडलास? नाचायचं तिला आहे."

२८ जानेवारी

तिघं आले. मधला एक स्वतः जुना नट, निवृत्त. मुलांनी केलं. बरं केलं. मग जुन्या नटाने चष्मा पुसत म्हटलं, "टीचर, तुमचं थोडं दाखवा. वेश नको, असंच. तळ्याकाठी नायक पोचतो, कमळ बघतो. एवढंच."

त्या चटईवर उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. शपथ घेऊन लिहितो, एकदाही नाही. हात. फक्त हात.

नायक चालला, मी चाललो. तळ्यावर वारा आला, काठीचं टोक चामड्याच्या कडेला नुसतं टेकवत नेलं. कळी झाली. एक, दोन, तीन. बोट हलायच्या आधी मनगटाखाली बारीक हालचाल होते, ती मला दिसायला लागली होती. आठवं उघडलं. नववं थरथरलं. तिथे मी ठोका दिला असता तर सगळ्यांना कळलं असतं की इथे काहीतरी यायचं होतं आणि आलं नाही. मी काठ्या हवेत थांबवल्या. दोन ठोक्यांची जागा रिकामी सोडली. हॉलमध्ये पंख्याचा आवाज. टीचरनी त्या रिकाम्या जागेत नजर हळूच फुलावरून पाण्यावर नेली, जणू उरलेल्या दोन पाकळ्या उद्यासाठी आहेत. मग मी ठेक्यावर परत आलो.

जुन्या नटाने मान हलवली. "ती थांबायची जागा. वा. कुणाकडून शिकलात?"

"याच गावात," टीचर म्हणाल्या.

आशान मागच्या बाकावर होते. माझ्याकडे बघून त्यांनी पान तोंडात टाकलं. बस, एवढंच.

३० जानेवारी

समितीचा निरोप आला. दुसरं वर्ष मंजूर. पत्राची बाब किरकोळ, टीचरनी चार ओळींचा खुलासा जोडावा, अहवालाबरोबर.

मी धावत गेलो. टीचर वाचनालयात बसल्या होत्या, अहवालाचा फॉर्म समोर. "बस. लिहून घे."

लिहून घ्यायला लागलो. शाळा, मुलं, बायका, किती वर्ग. मग त्या म्हणाल्या, "खुलासा. बुधवारी मी उपचारासाठी जाते. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं ऑगस्टपासून काम करत नाहीत. मी ते लपवलं. त्यामुळे मुलं चुकीचा हात शिकली. मी दुसरं वर्ष घेऊ शकत नाही."

मी पेन ठेवलं. "त्यांना कळलेलं नाही. कुणालाच कळलेलं नाही. परवा मी सगळं झाकलं होतं, तुम्ही पाहिलंत ना? पुढच्या वर्षीही झाकेन. रोज झाकेन."

"म्हणूनच."

"मी नाही लिहिणार हे."

"पहिलं तू न सांगता लिहिलंस," त्या म्हणाल्या. रागाने नाही. "हे मी सांगतेय ते लिही."

"कुणाला कळणार आहे?"

"चौतीस मुलांना कळलं होतं. तोंडाने बोलली नाहीत, हातांनी बोलली." त्यांनी पेन उचलून माझ्या बोटांत दिलं. "घे."

लिहिलं. त्याच अक्षरात. "लपवलं" या शब्दावर शाई पसरली, पण त्यांनी पान बदलू दिलं नाही. सही डाव्या हाताने केली, पहिलीतल्या मुलासारखी. मग स्वतःच बघून हसल्या. "बघ, आता माझं अक्षर तुझ्यापेक्षा वाईट."

३१ जानेवारी

फॉर्मची तारीख. भरला नाही. मार्चपर्यंत मुलांना चेंडा लागेल म्हणून, असं अम्माला सांगितलं. तिने तांदळाचं पुट्टू वाफवून दिलं आणि ताट जरा जोरात ठेवलं.

१७ फेब्रुवारी

टीचर शनिवारी कोचीला गेल्या. आज शस्त्रक्रिया. शनिवारी त्या बसमध्ये बसल्यावर कार्त्यायनीअम्मांनी चटईची गुंडाळी खिडकीतून आत कोंबली. मी बॅग चढवली. टीचर म्हणाल्या, "नव्या माणसाच्या हाताकडे बघ." मी हो म्हटलं. आणखी काही म्हणायचं होतं. बसने हॉर्न दिला.

नवा कलावंत येईपर्यंत हेडमिस्ट्रेसनी मुलांचा सराव माझ्याकडे दिलाय. "नुसतं वाजव. मुलं करतील."

सकाळी वाजवलं. मनगटं जोडली गेली, चौतीस कळ्या. एक, दोन, तीन. आठ. आणि माझे हात आपोआप थांबले, त्या रिकाम्या जागेशी. अजून तिथेच अडकतात.

मुलंही थांबली. कुणी बोट हलवलं नाही. आठ पाकळ्या उघडून, दोन मिटून, सगळी माझ्या काठ्यांकडे बघत.

या वेळी टीचर कोचीच्या हॉस्पिटलात टेबलावर असतील.

मी नववा ठोका दिला. मग दहावा. अनघाची करंगळी सगळ्यात शेवटी उघडली.